झोपायची वेळ कोणी ठरवायची?

अंधेरीतलं चेशायर होम, म्हणजे अपंगांसाठीचं निवासगृह, काही मुंबईकरांच्या ऐकण्यात असेल. त्या नावाचा उगम आमच्या इकडचा, म्हणजे इंग्लंडमधल्या हॅम्पशायरचा. लिसजवळ ग्रेटम नावाचं खेडं आहे, तिथे 'ले कोर्ट' नावाचा जुना वाडा होता.

लेनर्ड चेशायर हा दुसऱ्या महायुद्धातला नावाजलेला वैमानिक. नागासाकीवर अणुबॉम्ब पडला तेव्हा ब्रिटनचा निरीक्षक म्हणून तो आकाशात हजर होता. युद्ध संपल्यावर त्यानं ले कोर्टमध्ये माजी सैनिकांसाठी वसाहत काढली. ती बुडाली आणि कर्ज तेवढं राहिलं. अशात 1948 मध्ये त्याला कळलं की आर्थर डाइक्स, जो पूर्वी वसाहतीत डुकरं सांभाळायचा, कॅन्सरनं शेवटचे दिवस मोजतोय आणि हॉस्पिटलबाहेर त्याला ठेवून घ्यायला कोणी नाही. चेशायरनं त्याला ले कोर्टवर आणलं आणि त्याचं सगळं स्वतःच्या हातानं केलं. आर्थर त्याच वर्षी गेला, पण तोवर नव्वदी ओलांडलेल्या एका आजीबाईंचीही तिथे सोय झाली होती. मग माणसं येतच राहिली. संस्था उभी राहिली, देशोदेशी पसरली. (चेशायरचं समाजसेविका सू रायडरशी लग्नसुद्धा 1959 मध्ये मुंबईतच लागलं.)

इथपर्यंतचं सगळं माहितीपत्रकात शोभेल असं. मला त्याचा उत्तरार्ध जास्त महत्त्वाचा वाटतो.

1956 मध्ये पॉल हंट हा स्नायूंच्या आजाराचा तरुण ले कोर्टमध्ये राहायला आला. वय जेमतेम एकोणीस. त्यानं आणि इतर रहिवाशांनी व्यवस्थापनाशी भांडणं काढली ती कशावरून? रात्री झोपायचं कधी, बाहेर जाताना कोणाला सांगून जायचं का, असल्या गोष्टींवरून. धडधाकट माणसाला यात भांडण्यासारखं काय, असं वाटेल. पण दुसऱ्याच्या हातानं अंथरुणावर जावं लागणाऱ्यासाठी सगळी संध्याकाळ त्यावर ठरते. आपल्याकडे 'एवढं करतात तुमच्यासाठी, वर तक्रार?' असं लगेच कोणीतरी म्हणालं असतं. इथेही म्हणणारे असणारच.

1972 मध्ये हंटनं 'गार्डियन' या ब्रिटिश वृत्तपत्राला पत्र लिहिलं. संस्थांमध्ये कोंडल्यासारखं जगणाऱ्या अपंगांनी स्वतःची संघटना काढावी, असं त्याचं आवाहन होतं. त्यातून जी संघटना निघाली तिनं 1976 मध्ये ठासून मांडलं की शरीरातली उणीव वेगळी आणि समाजानं घातलेली अडवणूक वेगळी. माणूस अपंग होतो तो या अडवणुकीनं. जगभरच्या अपंग चळवळीनं पुढे हाच विचार उचलला.

हंट 1979 मध्ये वारला. त्याच सुमाराला ले कोर्टच्याच काही रहिवाशांनी 'प्रोजेक्ट 81' सुरू केला. त्यांचा हिशेब रोखठोक होता: आम्हाला इथे ठेवायला कौन्सिल (स्थानिक प्रशासन) जो पैसा भरते तो आम्हाला द्या, आम्ही स्वतःचं घर घेऊ आणि मदतनीसही आम्हीच नेमू. तेव्हाच्या कायद्यात थेट रोख देता येत नव्हती, म्हणून पैसे तिसऱ्याच्या मार्फत फिरवावे लागले. रोख हातात देण्याचा कायदा 1996 मध्ये झाला.

आमच्या शेजारचे व्हीलचेअरवरचे गृहस्थ याच पैशातून माणसं नेमतात. मुलाखत स्वतः घेतात, आणि त्यात एक प्रश्न ठरलेला: 'फुटबॉलची मॅच लांबली तर थांबशील का?'

ले कोर्ट 2007 मध्ये बंद झालं. चेशायरची संस्था अजून आहे.