चोविसावी टीम

आमच्या शाळेची वादविवाद स्पर्धा दरवर्षी असते आणि नोंदणी दरवर्षी माझ्याकडे. पहिल्या वर्षी "फॉर्म तर भरून घ्यायचेत, त्यात काय एवढं" म्हणत गळ्यात मारली, ती अजून उतरलेली नाही. उद्घाटन, पाहुण्यांचा परिचय, मनोगत वगैरेबद्दल मला काही विचारू नका, सगळं छानच होत असणार, त्या वेळी मी व्हरांड्यातल्या टेबलावर बसून कुणाचं तरी नाव खोडून दुसरं लिहीत असते.

आम्ही वर्ल्ड स्कूल्स फॉरमॅटमध्ये घेतो, म्हणजे शालेय वादविवादाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीने. एका टीममध्ये तीन ते पाच मुलं, पण एका राऊंडला बोलणार तिघंच. साधं आहे ना? पण काही शाळा पाच नावं भरतात आणि सकाळी त्यातली दोनच मुलं येतात, तिसरं भलतंच. एकाच मुलीचं नाव फॉर्ममध्ये ऱ्हस्व, ओळखपत्रावर दीर्घ, आणि सर्टिफिकेट छापून झालं की पालक येऊन सांगणार तिसरंच. "संपर्क" या रकान्यात शाळेचा लँडलाइन, तो रात्री दहाला कोण उचलणार? पण एका सरांनी "इतर माहिती"मध्ये लिहिलं होतं, "मुले लाजाळू आहेत, सांभाळून घ्यावे." वादविवादाच्या फॉर्मवर! ती प्रिंट मी अजून फाईलला लावून ठेवलीय.

परीक्षकांचा घोळ तर वेगळाच. आमचा नियम आहे की दोन टीम आणल्या तर एक परीक्षक आणायचा. टीमा येतात, परीक्षकांना नेमकं काहीतरी काम निघतं. स्वतःच्या शाळेच्या टीमला जज करता येत नाही, म्हणून कोण कुठल्या शाळेचा हे टॅबीकॅटमध्ये आधी भरावं लागतं, मग ते सॉफ्टवेअर ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी भिडणार आणि कुठला परीक्षक कुठे, ते काढून देतं. फुकट आहे आणि चांगलं आहे, पण मी चुकीचं भरलं तर तेही मुकाट्याने चुकीचाच ड्रॉ काढतं, हे मला भर हॉलमध्ये कळलेलं आहे.

एक शाळा आहे, नाव घेत नाही, सलग तीन वर्षं तीन टीम नोंदवून एकच घेऊन आली. रात्री अकराला मेसेज, "अपरिहार्य कारणास्तव". कारण असेलही हो, पण दरवर्षी अकरालाच कसं सुचतं?

अशाच एका वर्षी सकाळी २३ टीम उरल्या. दोन-दोन टीमच्या १२ खोल्या लावलेल्या, एका टीमसमोर कोणीच नाही. एकेका राऊंडला एकेका टीमला बसवून ठेवायचं, नाहीतर स्विंग टीम उभी करायची, म्हणजे आकडा जुळवण्यापुरती, जिंकली तरी पुढे न जाणारी. माझ्या टेबलावर बॅज वाटायला नववीतली तीन मुलं होती. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी एकमेकांकडे. त्यातली एक मुलगी म्हणाली, "बाई, पण बॅज कोण देणार?" मी म्हटलं, "मी देते, तुम्ही जा."

तिसऱ्या राऊंडला नोंदणीची गर्दी ओसरली तशी मी त्यांच्या खोलीत मागे जाऊन बसले. मला खरं तर रिप्लाय स्पीचच ऐकायची असते, म्हणजे दोन्ही बाजूंचं शेवटचं समारोपाचं भाषण. मुख्य भाषणं आठ-आठ मिनिटांची, मध्ये समोरची टीम उठून प्रश्न विचारते, मोठी गंमत असते, पण त्यात पाठ केलेलं पुष्कळ खपून जातं. रिप्लाय फक्त चार मिनिटांची. तिच्यात नवा मुद्दा चालत नाही, मध्ये कुणी प्रश्न विचारत नाही, आणि ती पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेच द्यायची. म्हणजे तासभर जे झालं ते नीट ऐकलं असेल तरच बोलता येतं. बॅजवाली उठली. हातात कागद होता तो तिने उलटा करून बाकावर ठेवला. म्हणाली, समोरच्यांचा एक मुद्दा आम्हाला खोडता आला नाही, तो मी आधी मान्य करते, आणि तरीही आमची बाजू का टिकते ते सांगते. आणि सांगितलं, अगदी हळू, एकदाही हात न उडवता. टाइमकीपर घंटा वाजवायची विसरला. माझ्या घशात काय आलं मला माहीत नाही. राऊंड त्यांनी जिंकली. टॅबवर, म्हणजे निकालाच्या तक्त्यावर, नाव काय, तर "स्विंग".

संध्याकाळी लक्षात आलं, तिघांची सर्टिफिकेटच नाहीत, कारण फॉर्मच नाही. लायब्ररीच्या ताईंनी शिल्लक कोऱ्या तीन सर्टिफिकेटांवर हाताने नावं लिहिली, ताईंचं अक्षर छापील अक्षरापेक्षा देखणं आहे. ताईंचं नाव निघालंच आहे तर बाकीचेही सांगते, नाहीतर रात्री झोप लागणार नाही. बाकं उचलून परत जागेवर लावणारे आमचे दोन्ही शिपाई काका, फाटकावरचे काका (उशिरा येणाऱ्या प्रत्येक टीमला पळवत आत आणतात), दर वर्षी एक्सेल दुरुस्त करून देणाऱ्या संगणकाच्या बाई, ऐनवेळी परीक्षक व्हायला तयार होणारे माजी विद्यार्थी, घंटा सांभाळणारे सातवीचे टाइमकीपर, विसरला तो पण. आणि विज्ञानाचे सर, त्यांनी एकदा प्रिंटर अडकल्यावर सगळा ड्रॉ फळ्यावर लिहून काढला होता. अजून कुणी राहिलं असेल, राहतंच, त्यांनी रागावू नये, टेबलाशी येऊन सांगावं.

ती मुलगी आता कॉलेजात आहे. यंदा परीक्षक म्हणून तिचा फॉर्म आला, सगळे रकाने भरलेले, नाव बिनचूक, मोबाइल नंबरसकट, मुदतीच्या चार दिवस आधी. "इतर माहिती"मध्ये लिहिलंय, "बाई, टीम कमी पडली तर माझ्याकडे बघू नका."