ट्रक तीन दिवस उशिरा आला

देशाच्या एका टोकाचं घर आवरून दुसऱ्या टोकाला येऊन आम्हाला आज तीन आठवडे झाले. आम्ही पाच जण: आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक, चार वर्षांचा धाकटा आणि सासूबाई. सामान कसं बांधावं यावर निघण्याआधी मी ढीगभर वाचलं होतं. पोचल्यावरच्या पहिल्या आठवड्याबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. बहुधा त्या आठवड्यात लिहायचं त्राणच कुणाकडे उरत नसावं.

आम्ही रेल्वेत दोन रात्री काढून तिसऱ्या दिवशी पोचलो. ट्रक चौथ्या दिवशी यायचा होता, तो उगवला सातव्या दिवशी. चूक आमचीच. आमचं सामान एकट्याच्या गाडीत नव्हतं, आणखी दोन घरांच्या सामानासोबत होतं. वाटेत ते एका गोदामात उतरलं, दुसरी गाडी भरेपर्यंत तिथेच पडून राहिलं. भाव ठरवताना आम्ही खोकी मोजली, विम्याचं विचारलं, पण ‘गाडी आमची एकट्याची का, आणि सामान मधे कुठे उतरवणार का?’ एवढं विचारायचं राहिलं. तुम्ही ते विचारा आणि उत्तर लेखी घ्या. वाटून घेतलेली गाडी स्वस्त पडते, त्यात गैर काही नाही. फक्त सांगितलेल्या तारखेत तीन-चार दिवस स्वतःच मिळवून ठेवा.

तर चार रात्री रिकाम्या घरात. प्रत्येकाची एक बॅग, दोन चादरी, एक बादली.

पहिली धावपळ सासूबाईंच्या इन्सुलिनची. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं आणि ते गोठून चालत नाही. गोठलेलं पुन्हा वितळलं तरी वापरायचं नसतं. गाडीत बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून, बर्फाला थेट लागणार नाही असं आणलं. (विमानाने जाणाऱ्यांनी ते हातातल्या बॅगेतच ठेवावं, खालच्या सामानात गोठू शकतं.) पोचलो तेव्हा बर्फाचं पाणी झालेलं आणि फ्रिज गोदामात कुठेतरी. आमचे हे म्हणाले, बर्फ मिळतो का बघून येतो. तोवर सासूबाई उठल्या, डबा काखोटीला मारला आणि समोरचं दार वाजवलं. ना ओळख ना पाळख. दोघींची भाषाही एक नव्हती. बाईंनी डबा उघडून पाहिला, एक शब्द न बोलता फ्रिजचं दार उघडलं आणि बाटल्या ठेवायच्या जागेतलं सामान काढून खाली ठेवलं. पुढचा आठवडाभर सासूबाई काही ना काही निमित्त काढून रोज तिकडे जात होत्या. या इमारतीत आमच्या घरातलं ज्याला सगळे ओळखतात असं माणूस म्हणजे त्या.

औषधांबाबत आणखी एक. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, डॉक्टरांकडून लिहून घ्या. आमच्याकडची रक्तदाबाची गोळी इथे त्या नावाने कुणालाच ठाऊक नव्हती. मूळ नाव दाखवलं तेव्हा लगेच मिळाली, वेगळ्या वेष्टनात. शिवाय तीन आठवड्यांचा साठा बरोबर असू द्या, नव्या गावी धड डॉक्टर सापडायला तेवढे दिवस जातात.

आता रिकाम्या घराबद्दल. दुसऱ्या दिवशी रडून झाल्यावर (माझं, मुलांचं नव्हे) लक्षात आलं, की घर तपासायला यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नाही. कपाटं लागली की भिंती झाकल्या जातात. फोनचा चार्जर घेऊन लेक प्रत्येक प्लगपाशी गेली. अकरातले तीन मेलेले निघाले, त्यातला एक नेमका जिथे फ्रिज येणार तिथला. न्हाणीघरात चार बादल्या पाणी ओतलं, तर ते जाळीकडे न जाता दारात येऊन थांबलं. घर बरेच महिने बंद होतं, म्हणून नळांचं पहिलं पाणी पाच-दहा मिनिटं सोडून दिलं, आधी गंजाचं तांबूस आलं, मग स्वच्छ. वीज-पाण्याच्या मीटरचे आकडे आणि भिंतींवरची ओल यांचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकांना पाठवले. आठवड्याने पाठवले असते तर ती ओल आमची ठरली असती.

आणि चिकटपट्टी! सामानाची मापं माझ्याकडे लिहिलेली होती. पट्टीने जमिनीवर पलंग, कपाट, टेबल आखले. मुलं दिवसभर त्या आखलेल्या पलंगावर झोपत होती, आखलेल्या टेबलावर अभ्यास करत होती. त्यात कळलं, की ठरवलेल्या जागी कपाट ठेवलं तर खिडकीचं दार उघडणार नाही. ट्रक आला तेव्हा हमालांना नुसतं बोट दाखवायचं काम उरलं. घराच्या दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदीही मोजून ठेवा, जुन्या घराच्या दारातून निघालेलं सगळं नव्या दारातून जातंच असं नाही.

पहिल्या रात्री धाकटा झोपेतच उठला. जुन्या घरात संडासाला जायला खोलीतून बाहेर पडून डावीकडे वळायचं. तो डावीकडे वळला आणि सरळ भिंतीवर आपटला. कपाळावर सुपारीएवढं टेंगूळ. ‘इथली भिंत चुकली आहे,’ असं तो रडत रडत सांगत होता. दुसऱ्या दिवशी पहिली खरेदी केली ती रात्रीच्या मंद दिव्याची. तो दिवा बॅगेतच आणायला हवा होता.

झोपेचा आणखी एक घोळ. आम्ही पश्चिमेकडून पूर्वेला आलो, घड्याळ मात्र तेच. रेखांशाच्या दर अंशाला सूर्य ४ मिनिटं आधी उगवतो, म्हणजे १५ अंशांना एक तास. शाळेत घोकलेलं हे गणित मला पहाटे डोळ्यांवर ऊन आल्यावर आठवलं. पडदे ट्रकमध्ये. दोन दिवस वर्तमानपत्र चिकटवून काढले. पूर्वेला जाणाऱ्यांनी पडदे, दोऱ्या आणि हुक स्वतःबरोबर न्यावेत.

ट्रक आल्यावरचं थोडक्यात. खोकी मोजल्याशिवाय आणि फुटलेल्या वस्तू पावतीवर लिहिल्याशिवाय सही करू नका. हमाल घाईत असतात, असू देत. आमचा आरसा तडकला होता, तो पावतीवर लिहिला म्हणून निदान तक्रार तरी करता आली. फ्रिज आडवा टाकून आणला होता. आडव्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांमध्ये शिरतं, म्हणून उभा करून २४ तास तसाच ठेवला, मग चालू केला. तोवर इन्सुलिन समोरच. धुलाई यंत्र पुढून उघडणारं असेल तर त्याच्या मागे वाहतुकीचे लांब बोल्ट लावलेले असतात, ते काढल्याशिवाय चालू केलं तर सगळं यंत्र नाचायला लागतं. आमचं नाचलं.

आणि खोक्यांवरची नावं. कृपा करून ‘किरकोळ’ असं काहीही लिहू नका. आमच्याकडे सतरा खोकी ‘किरकोळ’ होती. पलंगाचे बोल्ट त्यातल्या कुठल्यातरी एकात होते. ते पिशवीत घालून पलंगाच्याच फळीला चिकटपट्टीने लावायचे असतात, हे मला माहीत होतं. ज्यांनी पलंग सोडवला त्यांना नव्हतं. नवव्या खोक्यात सापडले, जुन्या बिलांच्या गठ्ठ्याखाली. तोवर दोन रात्री आम्ही पलंगाशेजारी जमिनीवर झोपलो.

इथलं पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरं कडं बसतं. हा कॅल्शियम-मॅग्नेशियमचा प्रकार. कपड्यांच्या पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा टाकला की फरक पडतो. केसांसाठी अजून काही सापडलेलं नाही.

‘किरकोळ’ची सहा खोकी अजून बंद आहेत. लेकीच्या शाळेला एक मूळ कागद हवा आहे, आणि आमचे हे शपथेवर सांगतात की तो त्या सहांपैकी एकात आहे. कागदपत्रांची पिशवी मी छातीशी धरून आणली होती, तिच्यात तेवढा एकच नाही.