सकाळी पकडणारा, घाटात सुटणारा क्लच

मोटारसायकल दीडशे सीसीची, आठ वर्षं वापरलेली. मालक सोलापूरच्या पूर्व भागातला, घरात चार माग. रोज चादरींचे गठ्ठे मागच्या कॅरिअरला बांधून गावात फिरतो आणि आठवड्यातून एकदा तुळजापूरला माल पोचवतो. फोनवर त्याने एवढंच सांगितलं, "मालक, चार महिन्यांत दोनदा प्लेटा घातल्या, स्प्रिंगा पण जाड टाकल्या. गावात मस्त चालतीय, घाटात स्लिप मारालीय." दोन्ही वेळा काम त्याने स्वतः घरीच केलेलं. गाडी गॅरेजला आणू का, असं विचारलं, तेव्हा मीच नको म्हणालो. जिथं गाडी खोलली होती तिथंच ती पुन्हा खोलायची होती, कारण जुने सुटे भाग अजून घरात पडले असतील तर तेही मला बघायचे होते.

मे महिना, सकाळचे आठ. शेजारी मागांची खटखट सुरू झालेली. आधी गाडी रस्त्यावर काढली. क्लच स्लिप होतो की नाही हे बघायला घाट लागत नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वर चालवायची आणि रेस एकदम पूर्ण द्यायची. इंजिनाचा आवाज चढला आणि वेगाचा काटा जागेवरच राहिला, तर क्लच सुटतोय. थंड गाडीने पहिल्या तीन वेळा नीट पकडलं. दहा किलोमीटर फिरवून इंजिन तापल्यावर चौथ्या वेळी आवाज चढला आणि गाडी मागे राहिली. म्हणजे तक्रार खरी.

खोलण्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात, आणि निम्म्या गाड्या तिथंच दुरुस्त होतात. पहिली ऑइल. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं पाहिजे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून १९९८ साली जपानमध्ये हे वेगळं मानक आलं. कारसाठीच्या पातळ, इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि क्लचला नेमकं तेच घर्षण हवं असतं. एमबी लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी असतं, तिथं क्लच ऑइलमध्ये नसतो. या माणसाकडचा डबा एमए२ चाच निघाला. पहिला संशय तिथंच गेला.

दुसरी गोष्ट वायरची ढील. लिव्हरच्या टोकाशी १० ते १५ मिलिमीटर मोकळी हालचाल असावी, मुळाशी मोजली तर २ ते ३. ढील नसेल तर लिव्हर न दाबताही प्रेशर प्लेट, म्हणजे स्प्रिंगांच्या जोराने बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी चकती, किंचित उचललेली राहते. इथं ढील बरोबर होती. पण ती कशी बरोबर केली होती, ते बघून मी थांबलो. इंजिनाजवळचा ॲडजस्टर पूर्ण सैल बाजूला, शेवटच्या आट्यापर्यंत नेलेला, आणि लिव्हरजवळचा स्क्रूही संपूर्ण आत. दोन महिन्यांपूर्वी नव्या प्लेटा घातलेल्या गाडीत ॲडजस्टर मधोमध कुठंतरी असायला हवा. प्लेटा झिजत जातात तशी प्रेशर प्लेट आत सरकते, ढील खाल्ली जाते, आणि आपण वायर सैल करत जातो. सैल करायला जागाच उरली नाही, याचा अर्थ प्लेटांची चळत पातळ आहे. नव्या प्लेटा आणि पातळ चळत, हे जुळत नव्हतं.

मग खोलायला घेतली. ऑइल कोमट असताना काढलं, स्वच्छ तसराळ्यात, कारण त्यात प्लेटांचा चुरा किती आहे ते बघायचं होतं. किकच्या दांड्यावर खूण करून किक काढली, फूटरेस्ट सोडला, वायर निसटवली. उजव्या कव्हरचे बोल्ट सगळे आठच्या टी-पान्याचे, पण लांबी तीन प्रकारची. एका पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवायचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर केसिंगला तडा जातो आणि आखूड बोल्ट लांब जागी गेला तर दोन-तीन आट्यांवर लटकतो, पुढच्या वेळी ॲल्युमिनियमचे आटेच घेऊन बाहेर येतो. कव्हर निघेना तर स्क्रूड्रायव्हर खुपसू नये. रबरी हातोडीने कडेकडेने ठोकलं की पॅकिंग सुटतं. दोन पोकळ पिना कव्हरमध्ये किंवा केसिंगमध्ये अडकलेल्या असतात, त्या मोजून बाजूला ठेवायच्या.

कामाची स्वच्छता बघून मला बरं वाटलं. पॅकिंग नवीन, कुठंही सिलिकॉनचा लगदा नाही. स्प्रिंगचे चार बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा आटा सैल करत आणले. एकच बोल्ट आधी पूर्ण सोडला तर प्रेशर प्लेट तिरकी होऊन हबचा, म्हणजे स्टील प्लेटा ज्यावर बसतात त्या आतल्या भागाचा, खांब मोडतो. हा खांब ॲल्युमिनियमचा असतो आणि घरी क्लच करणाऱ्यांचं सगळ्यात महागडं नुकसान बहुधा इथंच होतं. बसवताना तर जास्तच. बोल्ट फक्त १० न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचा असतो, आणि लांब दांड्याचा पाना हातात असला की माणूस सहज दुप्पट लावतो.

प्लेटा एकेक करून वर्तमानपत्रावर मांडत गेलो, निघाल्या त्याच क्रमाने. प्लेटा दोन प्रकारच्या: घासणारा थर लावलेली फ्रिक्शन, जिला कॉर्कची प्लेट म्हणतात, आणि साधी स्टीलची. फ्रिक्शन, स्टील, फ्रिक्शन, स्टील, फ्रिक्शन. पुढची निघाली तीही फ्रिक्शन. मग स्टील, मग फ्रिक्शन. मोजल्या: फ्रिक्शन पाच, स्टील तीन.

या क्लचला पाच फ्रिक्शनमध्ये चार स्टील लागतात. आत हब, बाहेर प्रेशर प्लेट, मध्ये एकाआड एक. लागून आलेल्या दोन फ्रिक्शन प्लेटा उचलून उन्हात धरल्या. बाकी सगळ्या बाजू काळसर, गुळगुळीत, जळकट वासाच्या. या दोघींच्या एकमेकींकडे असलेल्या बाजू मात्र दुकानातून आणल्यासारख्या कोऱ्या. कारण दोघींचे दात हाउसिंगमध्ये, म्हणजे बाहेरच्या वाटीत, अडकलेले, दोघी एकाच वेगाने फिरणार, एकमेकींवर घासणारच नाहीत.

"चौथी कुठं गेली?" मी विचारलं. तो म्हणाला, "होतं तेवढंच घातलं की मालक, मी फक्त कॉर्कच्या प्लेटा बदलल्या." खोटं बोलत नव्हता. पहिल्या वेळच्या जुन्या प्लेटा भंगारात द्यायच्या म्हणून पत्र्याच्या डब्यात ठेवलेल्या होत्या. डबा आणला. वरवर बघता पाच फ्रिक्शन प्लेटा. व्हर्निअरने जाडी मोजली, मिलिमीटरमध्ये: २.६, २.७, २.६, २.६ आणि पाचवी ४.२. ऑइलच्या थराने स्टील प्लेट तिला अशी चिकटून बसली होती की कडेला पातळ पातं घालून उचकटावी लागली. दोन ओल्या सपाट काचा एकमेकींवर ठेवल्या तर ओढून सुटत नाहीत, सरकवाव्या लागतात, तसलाच प्रकार. कुणाच्याही हातून होण्यासारखी चूक. गॅरेजमध्येही होते, फक्त तिथं काढलेल्या प्लेटा मोजायची सवय असते म्हणून सापडते.

आता १.६ मिलिमीटरच्या एका चकतीने एवढं काय बिघडावं? त्याच वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. पाच फ्रिक्शन प्लेटांच्या दहा बाजू घासतात. मधली स्टील गेली की दोन बाजू बाद, उरल्या आठ. पकड ८० टक्के. दुसरं, स्प्रिंगची मोकळी लांबी आणि बसल्यावरची लांबी यात या गाडीत ८ मिलिमीटरचा फरक, म्हणजे स्प्रिंग तेवढी दाबली जाते. चळत १.६ ने पातळ झाली तर दाब उरला ६.४ मिलिमीटरचा, पुन्हा ८० टक्के. ऐंशीचे ऐंशी टक्के म्हणजे ६४. क्लच इंजिनाच्या पूर्ण जोराच्या दीडपट पेलतो असं धरलं, तर दीडपटचे ६४ टक्के ०.९६. पूर्ण रेस दिली की सुटणारच.

क्लचला गठ्ठ्यांचं वजन थेट कळत नाही, इंजिनाचा जोर कळतो. सोलापूरच्या सपाट रस्त्यांवर रेस पावपट, फार तर अर्धी. बाळे, सात रस्ता, अशोक चौक कुठंही फिरा, ०.९६ पुरतो. तुळजापूरच्या चढाला दोन गठ्ठे बांधून तिसऱ्यात पूर्ण रेस लागते, तिथं तो उघडा पडतो. आणि एकदा सुटायला लागला की प्लेटा तापतात, पृष्ठभागावरचं ऑइल जळून चकाकी धरते, पकड आणखी घसरते.

दुसऱ्या वेळी त्याने १५ टक्के जास्त ताठ स्प्रिंगा घातल्या. हिशेबाने ०.९६ चा झाला साधारण १.१. म्हणून पंधरा दिवस गाडी घाट चढली आणि त्याला वाटलं, रोग स्प्रिंगांतच होता. प्लेटा थोड्या बसल्या, तापल्या, आणि पुन्हा एकच्या खाली आल्या. ताठ स्प्रिंगांनी रोग बरा केला नाही, लपवला. स्प्रिंगखाली वॉशर घालणं हाही त्यातलाच उपाय, बरेच जण सांगतात. त्याने दाब वाढतो खरा, पण लिव्हर दाबल्यावर स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले तर प्लेटा एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या होत नाहीत आणि गिअर खडखडत पडतात. माझं मत, इंजिन मूळ स्थितीत असेल तर कंपनीच्याच स्प्रिंगा पुरतात. बोअर मोठा केला, कार्ब्युरेटर बदलला, जोर वाढवला, तर १० ते १५ टक्के ताठ स्प्रिंगा घेण्यात अर्थ आहे. तेव्हाही लिव्हर जड लागला तर चारांपैकी समोरासमोरच्या दोन ताठ आणि दोन मूळच्या लावता येतात. शेजारशेजारच्या दोन कधीच नाही, प्लेट तिरकी उचलली जाते.

बाकी तपासणी दहा मिनिटांची. तीन स्टील प्लेटा आरशाच्या काचेवर ठेवून कडेने ०.२ मिलिमीटरची फीलर पट्टी सरकवली. एकीखाली गेली, म्हणजे ती प्लेट वाकलेली, निळसर डागही होते. हाउसिंगच्या बोटांवर प्लेटांच्या दातांनी पाडलेल्या खाचा नखाला जेमतेम लागत होत्या. त्या बारीक कानशीने सरळ केल्या. खोल असत्या तर हाउसिंग बदललं असतं, कारण प्लेट त्या खाचेत अडकते आणि लिव्हर दाबूनही गाडी पुढं ओढत राहते. हाउसिंग बदलायचं म्हणजे मधला मोठा नट आणि त्याचं लॉक वॉशर आलं. नट सोडताना हब पकडायला हत्यार नसेल तर जुन्या स्टील प्लेटेला लोखंडी पट्टी वेल्ड करून ते बनवता येतं. इथं त्याची गरज पडली नाही. प्रेशर प्लेटमधलं छोटं बेअरिंग बोटाने फिरवलं, जरा खरखरलं, बदललं. किंमत किरकोळ असते, आणि त्यासाठी पुन्हा कव्हर खोलणं परवडत नाही.

नव्या पाच फ्रिक्शन आणि चार स्टील प्लेटा आणल्या. दुकानदार फ्रिक्शनचा संच देतो, स्टील वेगळ्या मागाव्या लागतात. फ्रिक्शन प्लेटा त्याच ऑइलमध्ये चार तास बुडवून ठेवल्या. कोरड्या घातल्या तर सुरुवातीलाच जळू शकतात. त्या चार तासांत त्याच्या घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी झाली, आणि जुनं पॅकिंग प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून झालं. स्टील प्लेटेची एक कड गोलसर, दुसरी धारदार असते. सगळ्या एकाच बाजूला तोंड करून लावल्या. काही गाड्यांत सगळ्यात बाहेरच्या फ्रिक्शन प्लेटेचे दात हाउसिंगच्या वेगळ्या, आखूड खाचेत बसतात, तर काहींत हबजवळ बशीसारखी एक बारीक स्प्रिंग असते. त्या पहिल्यांदा कशा निघाल्या याचा फोटो काढून ठेवलेला बरा.

मूळच्या स्प्रिंगा त्याने जपून ठेवल्या होत्या. चारही मोजल्या, लांबी सारखी आणि मॅन्युअलच्या मर्यादेत. त्याच लावल्या. बोल्ट समोरासमोर, दोन-दोन आटे, शेवटी छोट्या रॅचेटने. कव्हर, नवं पॅकिंग, पुठ्ठ्यावरचे बोल्ट आपापल्या जागी, ऑइल मॅन्युअलच्या मापाने. वायर जोडली आणि ढील १२ मिलिमीटरवर आली, तेव्हा खालचा ॲडजस्टर बरोबर मध्यावर होता.

दुपारी चारला, ४२ अंशांत, दोन गठ्ठे बांधून तो तुळजापूरला गेला. मी मागून दुसऱ्या गाडीवर. घाटात तिसऱ्यात पूर्ण रेस, काटा आणि आवाज सोबत चढले. वर थांबल्यावर त्याने लिव्हर दोन बोटांनी दाबून बघितला आणि हसला. मग वायरचं टोक दाखवलं. लिव्हरच्या गोटीजवळ तीन तारा तुटलेल्या, ताठ स्प्रिंगांनी दोन महिन्यांत ओढून खाल्लेल्या. ती मला सकाळीच दिसायला हवी होती. परतीला वायर तशीच जपून आणली, दुसऱ्या दिवशी नवी घातली, आत ऑइल सोडून. पाचशे किलोमीटरनंतर ढील पुन्हा बघायची ठरली आहे, कारण नव्या प्लेटा तेवढ्यात थोड्या बसतात.