सांगलीची सपाटी, यवतेश्वरचा घाट: साताऱ्याची हाफ, मुंबई-दिल्लीच्या जोडीने

आधी टायमिंग सांगते, कारण सगळे पहिल्यांदा तेच विचारतात. दिल्ली हाफ मॅरेथॉन १:५१:४० (तास:मिनिटं:सेकंद). मुंबई हाफ १:५७:३०. आणि परवाची सातारा हिल हाफ मॅरेथॉन २ तास १३ मिनिटं. अंतर तिन्हीकडे तेवढंच, २१.०९७५ किलोमीटर. पळणारी बाईही तीच. तरीही या तिन्हींत मी सगळ्यात चांगली कुठे पळाले असेन तर साताऱ्यात, आणि हे मी मनापासून सांगते आहे.

आम्ही सांगलीकर पळतो ते कृष्णाकाठी, नाहीतर विश्रामबागेतून मिरजेच्या रस्त्याला. सगळं सपाट. घाटाचा सराव हवा म्हणून जुलैपासून दर रविवारी वहिनी आणि मी पहाटे स्कूटरवरून दंडोबाच्या डोंगराला जायचो आणि चढ-उतार दोन-दोनदा करायचो. पहिल्या रविवारी वहिनी अर्ध्यातच खाली बसल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही व्हा पुढं, मी आले." आल्या मात्र शेवटपर्यंत. तेवढ्या सहा-सात रविवारांनीच आम्हाला साताऱ्यात तारलं. सांगली-मिरजेतून कुणी जाणार असेल तर दंडोबा चुकवू नका. आणि हो, उतारावरही पळून सराव करा, नुसता चढ करून रिक्षाने खाली येऊ नका. घाटात मांड्या मोडतात त्या उतरताना. प्रत्येक पावलाला मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार झेलतो, आणि तेच दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना वर येतं.

साताऱ्याचा रूट पोलीस परेड ग्राउंडवरून निघतो. पोवई नाका, मग गावातून समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वरचा घाट चढून कास रस्त्यावर वळसा आणि त्याच वाटेने परत. नवखा माणूस फसतो तो गावातच. घाट अजून लांब आहे असं वाटत असतं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं टाळ्या वाजवत असतात, आणि पाय आपोआप सुटतात. प्रत्यक्षात समर्थ मंदिरापर्यंतही रस्ता चढतच असतो. मी मुद्दाम सगळ्यांना पुढे जाऊ दिलं. घाटात घड्याळातला वेग बघायचा नाही, श्वास बघायचा. शेजारच्याशी एक वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. जिथे बोलणं तुटलं तिथे मी शंभर पावलं चालले. भरभर चालणं आणि रखडत पळणं यांत तिथे सेकंदांचाच फरक पडतो.

यवतेश्वरच्या वळणांवर ढग इतका खाली होता की अजिंक्यतारा दिसला तो एकदाच, मिनिटभर. खाली अख्खं सातारा ओलं पडलेलं. एक आजी डोक्यावर इरलं घेऊन कठड्याशी उभ्या होत्या. "पळ गं बाई, वर गार हाय," म्हणाल्या. खरंच गार होतं.

वर जायला मला ७५ मिनिटं लागली, खाली यायला ५८. म्हणजे चढताना किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ७ सेकंद आणि उतरताना साडेपाच मिनिटं. दिल्लीच्या सपाट रस्त्यावर माझी सरासरी किलोमीटरला ५:१८ होती. चढावर गमावलेलं उतारावर परत मिळत नाही, हे इथे आकड्यांत दिसतं. सुरुवात आणि शेवट एकाच जागी, म्हणजे चढ-उतार फिटतात, असं समजून लक्ष्य ठरवू नका. आपल्या सपाट हाफच्या वेळेत निदान २० मिनिटं मिळवा आणि त्या हिशेबाने पळा.

पीबी, म्हणजे स्वतःची आजवरची सर्वोत्तम वेळ, काढायची असेल तर दिल्ली. रूट सपाट, वळणं मोजकी, ऑक्टोबरची पहाट. अविनाश साबळेने २०२० मध्ये तिथेच १:००:३० पळून हाफचा राष्ट्रीय विक्रम केला, आणि त्याच दिवशी इथिओपियाच्या वालेलेन्यने ५८:५३ मध्ये शर्यत जिंकली. फक्त हवेचं बघा. दम्याचा त्रास असेल तर मी तरी जा म्हणणार नाही.

मुंबईची गोष्ट वेगळी. जानेवारीतही दमट हवा, सी लिंकचा चढ कमी पण लांबच लांब, आणि पाय थकल्यावर पेडर रोडचा चढ. फुल, म्हणजे पूर्ण मॅरेथॉन, पळणाऱ्यांना तो पेडर रोड परतीला ३५ किलोमीटरच्या आसपास गाठतो. पण पहाटेच्या जादा लोकल, दर थोड्या अंतरावर पाणी, आणि पेडर रोडवर संत्री-चिक्की घेऊन उभे असलेले लोक, हे मुंबईनेच करावं. बिब (छातीवर लावायचा नंबर) मात्र आधीच शर्यतीच्या एक्स्पोला, म्हणजे प्रदर्शनाला, जाऊन घ्यावा लागतो, त्यामुळे सांगलीहून जाणाऱ्याने शुक्रवारची रात्रगाडी धरावी, शनिवारी बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) एक्स्पो करावा आणि संध्याकाळी पाय वर करून पडावं. शनिवारी मुंबई फिरायला निघालात की रविवारी संपलात.

पुण्याची शर्यत १९८३ पासूनची, डिसेंबरची थंडी आणि जवळचं गाव, म्हणून पहिली हाफ तिथे करायला हरकत नाही.

व्यवस्थेचं म्हणाल तर माझा एकच निकष आहे: शेवटच्या माणसाला पाणी मिळतं का? एका शहरात (नाव नको) १६व्या किलोमीटरला रिकामे ग्लास आणि रिकामं टेबल होतं, आणि माझ्या मागे अजून शेकडो लोक येत होते. साताऱ्यात वहिनी २ तास ५० मिनिटांनी आल्या आणि त्यांना घाट उतरतानाही पाणी, मीठ लावलेली काकडी, स्प्रे सगळं मिळालं. सातारा रनर्स फाउंडेशन २०१२ पासून ही शर्यत घेतं, आणि गाव तिला घरचं कार्य समजतं. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची (अडथळ्यांच्या शर्यतीची) अंतिम फेरी पळाली. त्या जिल्ह्यात पळणाऱ्या बाईकडे कुणी वळून बघत नाही, टाळ्याच वाजवतात.

जाणाऱ्यांसाठी थोडं. सांगलीहून पेठ नाका-कराडमार्गे गाडीने निघालात तर हायवेच्या कामांमुळे तासभर जास्त धरा. रेल्वेने गेलात तर सातारा स्टेशन माहुलीला, गावाबाहेर आहे. रिक्षा आधी ठरवा. मुक्काम पोवई नाक्याच्या आसपास बघा, म्हणजे पहाटे चालत जाता येतं. कोरडे मोजे आणि टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच बॅग जमा करा. ओल्या घाटात नवे बूट नकोत आणि तळ घासलेले तर त्याहून नकोत. शर्यतीनंतर त्याच दिवशी कासची फुलं बघायची असतील तर पठाराचं बुकिंग आधी करून ठेवा. कंदी पेढे शर्यत झाल्यावर. आणि नोंदणी उघडते त्या दिवशी फोन हातात ठेवा, जागा बघता बघता भरतात. वहिनींनी पुढच्या वर्षीसाठी आत्ताच गजर लावून ठेवलाय.