पेकिन जातीच्या बदकाची मादी, डावा तळपाय: पावसातल्या एकवीस दिवसांची नोंद

पहिला दिवस. डावा पाय टेकला की अंग उजवीकडे कलतं. तळव्याच्या मधल्या गादीवर मसुराएवढी काळी खपली, भोवती फुगवटा, हाताला गरम. बोटांमधले पडदे स्वच्छ आहेत, नडगी आणि वरचा सांधा थंड आहे, खाणं नेहमीसारखं. म्हणजे घरी सांभाळता येण्यासारखं. यातलं एकही लक्षण उलट असतं, सूज नडगीत चढलेली, सांधा तापलेला किंवा चारा सुटलेला, तर थेट पशुवैद्यकाकडे. संसर्ग हाडापर्यंत गेला की भिजवण्या-बांधण्याने काही होत नाही.

आपल्याकडे याला सरसकट कुरूप म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कुरूप म्हणजे नुसती निबर झालेली कातडी. इथे खपलीच्या खाली जंतू बसलेले असतात, बहुतेकदा स्टॅफिलोकोकस ऑरियस. ब्लेडने तासणं आणि बिब्ब्याचा चटका, दोन्ही बाद. पिळणंही बाद: पक्ष्याचा पू पातळ राहत नाही, घट्ट खव्यासारखा गोळा होतो. दाबलं की तो बाहेर येण्याऐवजी आत सरकतो. जंतू माणसालाही लागतो, म्हणून हातमोजे घातल्याशिवाय हात लावायचा नाही.

दुसरा ते पाचवा दिवस. दिवसातून दोनदा १५ मिनिटं पाय भिजवणं. दोन लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट. मेडिकलमधलंच घ्यावं; माडाच्या आळ्यात घालायचं मॅग्नेशियम सल्फेट नावाने तेच, पण ते खताच्या प्रतीचं. बदक चोच घालणारच, आणि हे पाणी पोटात गेलं की जुलाब होतात. त्यामुळे टबात पाय बुडतील इतकंच पाणी, आणि शेजारी साध्या पाण्याचं भांडं.

धरायची पद्धत: टॉवेलात पंख गुंडाळून काखेत, तोंड मागे, पाय पुढे. उताणं पाडू नये, श्वास अडकतो. पाय धरून उचलायचं तर कधीच नाही.

सहावा दिवस. खपलीची कड सुटली. बोथट चिमट्याने कडेकडेने उचलल्यावर खपलीसकट तांदळाएवढा पिवळट गोळा बाहेर आला. एकदा ओढून येत नसेल तर थांबावं आणि परत भिजवणीला जावं. जबरदस्तीने काढलेल्या गोळ्याचं मूळ आत राहतं आणि पंधरवड्यात पुन्हा गाठ उभी राहते. मूळ खोल असेल तर चिरा देण्याचं काम डॉक्टरचं, भूल आणि वेदनाशामक देऊन.

खड्डा सलाइनने धुतला. मग पोव्हिडोन आयोडीन, बाटलीतलं तसंच नाही: ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग, उकळून गार केलेल्या पाण्याचे दहा भाग, कोऱ्या चहाच्या रंगाचं. कडक द्रावणाने नवी कातडी धरत नाही. वर मुपिरोसिन २ टक्के या अँटिबायोटिक मलमाचा पातळ थर. घरातलं दुखण्यावरचं जेल लावू नका. त्यात बहुतेकदा डायक्लोफिनॅक असतं. गिधाडं संपवणारं औषध तेच, आणि २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली ती त्यामुळेच. बधिर करणारी मलमंही नकोत, पक्ष्याला त्याची मात्रा पटकन जास्त होते.

सातवा ते तेरावा दिवस. पट्टी रोज बदलली. क्रम असा: गॉज, त्यावर जुन्या योगा मॅटचं कापलेलं कडं (मधलं भोक जखमेवर, म्हणजे भार कडेवर जातो), मग स्वतःलाच चिकटणारी अडीच सेंटिमीटर रुंदीची पट्टी, बोटांच्या मधून काढून नडगीवर दोन वेढे. ती ताणून गुंडाळायची नाही; रोलमधून आधी सोडवून घ्यावी आणि मग सैल बसवावी.

नवव्या दिवशी चूक झाली. पट्टी भिजली, सरकली आणि मधल्या बोटाला आवळली. सकाळी पडदा सुजून निळसर. काढल्यावर तासाभरात रंग परतला. पावसात पट्टी कोरडी राहत नाही हे धरूनच चालावं: संध्याकाळी एकदा बोटांची टोकं बघणं, गार लागली तर पट्टी उतरवणं. या काळात तळं बंद, पण नाकपुड्या आणि डोळे बुडतील एवढी खोल बादली हवीच.

आता मूळ कारण. खळ्यातला जांभा दगड. चिरा दिसायला सपाट, पण पायाखाली किसणीसारखा, आणि साडेतीन किलोच्या पेकिनचा सगळा भार तळव्याच्या त्याच गादीवर. खाकी कॅम्पबेल ही बदकाची जात हलकी म्हणून तिला हे कमी होतं. कॅल्शियमसाठी टाकलेले कालवांचे शिंपले ही दुसरी खोड: ते भांड्यातच द्यावेत, जमिनीवर फुटलेली कड सरळ गादीत घुसते. खाडीकाठी फिरणाऱ्या बदकांच्या बोटांना तंगूस (गळाचा नायलॉन दोरा) गुंडाळलेला सापडतो, तोही बघावा.

उपाय: चालायच्या वाटेवर दहा सेंटिमीटर नदीची वाळू, समुद्राची खारट आणि शिंपल्यांनी भरलेली असते. रात्रीच्या खोलीत भाताची तूस, पण जून ते सप्टेंबर ती दोन दिवसांत दमट होते. बुरशी धरली की बदकाची फुप्फुसं जातात, त्यामुळे वास येण्याआधी बदलावी. ओट्यावरून उडी पडू नये म्हणून खाचा मारलेली उतरती फळी. वजन जास्त असेल तर उरलेला भात आणि पेज कमी, शेवग्याचा पाला जास्त. अ जीवनसत्त्व कमी पडलं की कातडी लवकर फाटते. (पिल्लांचे वाकडे पाय हे प्रकरण वेगळं, तिथे नियासिन (ब३ जीवनसत्त्व) बघावं. कोंबडीच्या खाद्यातलं त्यांना पुरत नाही.)

चौदावा दिवस. खड्डा भरला, गुलाबी कातडी. पट्टी फक्त दिवसा. उजव्या पायावर दोन आठवडे जादा भार पडला होता, तिथे गादी लालसर आणि गुळगुळीत झालेली. खपली नाही, पण सुरुवात अशीच होते. तिला एप्सम नको, मऊ जमीन पुरे.

एकविसावा दिवस. दोन्ही पायांवर सारखा भार, पट्टी बंद, तळं सुरू. मलम सोडून पोटात द्यायचं अँटिबायोटिक लागलं नाही. लागलं असतं तर डॉक्टरने सांगितलेली मुदत संपेपर्यंत अंडी खायची नाहीत. पिण्याच्या पाण्यात टाकायच्या तयार पावडरी तर आपल्या मनाने नकोतच: आजारी बदक पाणी कमी पितं, मात्रा अर्धवट जाते.

पुढची तपासणी दर रविवारी, सकाळी खोलीतून सोडण्याआधी. पाय धुऊन, उजेडात, दोन्ही.