खांदेरी घेतली, उंदेरी राहिली

मराठा आरमाराचा विषय निघाला की बहुतेकांना जंजिरा आठवतो. पण समुद्री बेटाचं राजकारण नीट कळून घ्यायचं असेल तर अलिबागजवळच्या थळच्या किनाऱ्यासमोरच्या खांदेरीकडे पाहावं. मुंबई बंदराच्या दक्षिणेला, आत शिरणाऱ्या जहाजांवर नजर ठेवता येईल अशी ही जागा. 1679 च्या पावसाळ्यापासून पुढचे चार-पाच महिने मराठे, इंग्रज आणि सिद्दी हे तिघं या बेटासाठी झुंजले.

शिवाजी महाराजांना हे ओसाड बेट कशाला हवं होतं? कारण मुंबईत होतं. जंजिऱ्याचा सिद्दी औरंगजेबाचं आरमार चालवत होता. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की त्याची जहाजं माझगावला येऊन थांबत, आणि तिथून त्याची माणसं समोरच्या कुलाब्याच्या (आजच्या रायगड जिल्ह्यातल्या) मुलखात उतरून गावं लुटत. इंग्रजांना हे नकोच होतं, पण त्यांची मोठी वखार सुरतेला, म्हणजे मोगलांच्या हातात. सिद्दीला नाही म्हणण्याची त्यांची छाती नव्हती. 1678 मध्ये महाराजांच्या आरमाराचे सरदार दौलतखान आणि दर्यासारंग सिद्दीची ही जहाजं जाळण्यासाठी पनवेलपर्यंत गेले होते, पण खाडी ओलांडायला पुरेशा होड्या मिळाल्या नाहीत. मग उरला एकच इलाज, मुंबईच्या दारातच ठाणं बसवायचं. 1672 मध्ये तसा एक प्रयत्न होऊन गेला होता. तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघांनी अडथळा आणला आणि काम थांबलं.

ऑगस्ट 1679 मध्ये महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी सुमारे 150 माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरले आणि तट घालायला लागले. वेळ फार विचार करून निवडलेली दिसते. त्या दिवसांत किनाऱ्याच्या आश्रयानं लहान होड्या ये-जा करू लागतात, पण बाहेरचा समुद्र अजून खवळलेला असतो आणि मोठ्या जहाजांना तिथे नांगर टाकून उभं राहणं जड जातं.

इथे तारखांबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवावी. या लढाईच्या बहुतेक तारखा इंग्रजांच्या पत्रांतून येतात आणि त्या जुन्या ज्युलियन पंचांगाच्या आहेत. आजच्या हिशेबाला त्यात 10 दिवस मिळवावे लागतात. मराठी कागदातल्या तिथीशी ही तारीख जुळवताना हे विसरलं की सगळी घटना चुकीच्या पक्षात जाते आणि मग भरती-ओहोटीचा हिशेबही कोलमडतो. खाली दिलेल्या तारखा पत्रांतल्याच आहेत.

इंग्रजांनी आधी बेट रिकामं करायला सांगितलं, मग जहाजं पाठवली. 19 सप्टेंबरला लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरण्याच्या प्रयत्नात मारला गेला. खांदेरीला उतरणं सोपं नाहीच. तटाबाहेर मोठाल्या सुट्या धोंड्यांचा पट्टा आहे, त्यावर कालवांची धारदार कवचं चिकटलेली असतात, आणि लाट होडीला नेमकी त्यावरच आणून आदळते.

यानंतर कॅप्टन रिचर्ड केग्विन ‘रिव्हेंज’ फ्रिगेट, म्हणजे शिडांचं मोठं लढाऊ जहाज, घेऊन आला. जोडीला ‘हंटर’ हे दुसरं फ्रिगेट, काही गुराबा, शिबाडं आणि मचवे अशी देशी बांधणीची लहान जहाजं. 18 ऑक्टोबरच्या सकाळी दौलतखान सुमारे 60 गलबतं घेऊन किनाऱ्याकडून चालून आला. हल्ला इतक्या वेगानं झाला की इंग्रजांना नांगर उचलायलाही पुरता अवधी मिळाला नाही. ‘डव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली आणि बाकीच्या गुराबा लढाईतून बाजूला झाल्या. ‘रिव्हेंज’ मात्र जागेवर राहिलं. तिच्या तोफांपुढे गलबतांना टिकाव धरता येईना आणि मराठी आरमार नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरलं. इंग्रजी इतिहासात हा केग्विनचा विजय म्हणून लिहिला जातो. त्या दिवसापुरता तो होताही.

पण त्या विजयानं वेढ्याला काही फायदा झाला नाही, आणि मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. फ्रिगेटचा तळ पाण्यात खोल जातो, म्हणून ती थळच्या उथळ, खडकाळ पाण्यापासून लांबच उभी करावी लागते. ती शिडांवर चालते, म्हणजे वारा पडला की जागेवर खिळली. मराठ्यांची लहान गलबतं वल्ह्यांवर चालत, थोड्या पाण्यातूनही जात, आणि वाऱ्याच्या तोंडावरही पुढे सरकत. अंधार पडला की किनाऱ्यावरून धान्य, दारूगोळा आणि माणसं घेऊन ती निघत आणि उजाडायच्या आत परत येत. नांगरावरच्या जहाजाला ती दिसली तरी नांगर उचलून शिडं भरेपर्यंत होडी खडकांच्या आड गेलेली असे. तोफा जास्त असूनही ही रसद तोडता आली नाही. इकडे तट रोज थोडा थोडा वर चढतच होता.

नोव्हेंबरात सिद्दी कासम आपलं आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला आणि इंग्रजांची काळजी आणखी वाढली. त्याला खांदेरी स्वतःसाठी हवी होती हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं. मराठ्यांकडून बेट सोडवून सिद्दीच्या घशात घालायचं, तर एवढा खर्च कशासाठी? त्यात महाराजांनी कल्याणकडे फौज पाठवली होती आणि मुंबईचं जळण, धान्य समोरच्या मराठी मुलखातूनच येत असे. सुरतेहून तह करण्याची सूचना आली. जानेवारी 1680 मध्ये इंग्रजांनी जहाजं काढून घेतली आणि मार्चमध्ये तह झाला. सिद्दीनं पावसाळ्यात मुंबईत राहून मराठी मुलखावर हल्ले करू नयेत, ही महाराजांची मूळ मागणी त्यात आली. 3 एप्रिलला महाराज गेले.

पण त्याच जानेवारीत सिद्दी कासमनं शेजारच्या उंदेरीवर माणसं उतरवली, तोफा चढवल्या आणि तटबंदी सुरू केली. उंदेरी खांदेरीपेक्षा लहान. पण ती खांदेरी आणि थळचा किनारा यांच्या मधे आहे, म्हणजे ज्या वाटेनं रात्रीच्या होड्या जात त्याच वाटेवर. खांदेरीचं सगळं बळ त्या वाटेत होतं. इंग्रजांना महिनोन्महिने जी वाट बंद करता आली नाही, तिच्या तोंडाशी सिद्दी जाऊन बसला. दौलतखाननं त्याला हाकलायचा प्रयत्न केला, त्यात तो स्वतः जखमी झाला, पण उंदेरी सुटली नाही. त्याच वर्षी संभाजी महाराजांच्या माणसांनी केलेला हल्लाही फसला. पुढची अनेक दशकं एका बेटावर मराठे आणि दुसऱ्यावर सिद्दी, अशी ही जोडी एकमेकींवर तोफा रोखून राहिली.

नागपूरच्या वाचकाला हे लांबचं वाटायला नको. सीताबर्डीच्या किल्ल्याला दोन टेकड्या आहेत, एक थोरली आणि एक धाकटी. 27 नोव्हेंबर 1817 च्या सकाळी अप्पासाहेब भोसल्यांच्या अरब शिपायांनी धाकटी टेकडी घेतली आणि तिथूनच थोरलीवर तोफा चालवल्या. इंग्रजांची सगळी लढाई तिथे मोडण्याच्या बेतात आली होती. ती धाकटी टेकडी त्यांनी परत घेतली म्हणून ते वाचले.

खांदेरी पुढे कान्होजी आंग्र्यांकडे आली. मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून यानं 1718 मध्ये तिच्यावर आरमार पाठवलं, तेही हात हलवत परत गेलं. अखेर 1818 मध्ये, पेशवाईबरोबर, ती इंग्रजांकडे गेली. 1867 मध्ये तिथे दीपगृह उभं राहिलं. जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात खांदेरी आहे. उंदेरी नाही.

विदर्भातून कोणी जाणार असेल तर गाडीचं आरक्षण करायच्या आधी पंचांग उघडावं. पावसाळ्यात जाता येत नाही. उतरायला परवानगी लागते का आणि कोणाची, हे थळच्या होडीवाल्यांना आधी फोनवर विचारून घ्यावं. भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत सोपी आहे. तिथीला पाऊण पटीनं गुणायचं. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे साधारण सहाला पूर्ण भरती आणि बाराच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात. अर्ध्या तासाची चूक धरून चालावं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, आणि उंदेरीला धड धक्का नसल्यानं तिथे खडकावर उडी मारून उतरताना पाय घसरतो. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाण्याची चढ-उतार कमी. दोन्ही बेटं एकाच दिवशी पाहायची असतील तर तेच दिवस घ्यावे, उंदेरी आधी करावी आणि पायात जाड तळाचे बूट असावेत.