देव्हाऱ्यातली ब्रिटानिया

संक्रांतीला खानापूर तालुक्यात जायचं ठरलं ते काही तिळगुळासाठी नव्हे. १४ जानेवारी हा माजी सैनिक दिनही असतो. भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले. अलीकडे त्या दिवशी जागोजागी माजी सैनिकांचे सत्कार होतात. बेळगावचा मित्र म्हणाला, "शहरातले कार्यक्रम सगळीकडे सारखेच. आमच्या गावाला चल."

कोल्हापूरहून निघाल्यावर निपाणी, तवंदी घाट, संकेश्वर, हत्तरगी कधी मागे पडलं कळलंच नाही. रस्ता झकास आहे. बेळगावात कुंदा बांधून घेतला आणि कॅम्पातून गाडी काढली. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे. ही लष्कराची रेजिमेंट १७६८ सालची. केंद्राची मुळं ११४ व्या मराठा पलटणीत. १९१८ च्या ऑक्टोबरात मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या शर्कातच्या लढाईत ही पलटण गाजली. युद्धानंतर तिचीच प्रशिक्षण पलटण झाली आणि बेळगावात स्थिरावली. म्हणून केंद्रातल्या युद्धस्मारकाला शर्कातचं नाव आहे. टायग्रिसकाठचं एक गाव बेळगावच्या कॅम्पात येऊन बसलंय, आणि बाहेर चहाच्या गाड्यावर पोरं भरतीच्या धावण्याची वेळ किती सेकंदांनी हुकली यावर वाद घालतायत.

खानापूरच्या बाजूला वळलं की माती लाल होत जाते. कौलारू घरं, काजूची झाडं, अंगणात वाळत टाकलेलं भात. या भागात फौजेतून निवृत्त झालेला कुणीही असो, शिपाई असो नाहीतर हवालदार, गाव त्याला 'मेजर' म्हणूनच हाक मारतं. त्या सकाळी देवळापुढच्या मांडवात इतके मेजर जमले होते की एका हाकेला पाचसहा माना वळत होत्या.

कार्यक्रम व्हायचा तसा झाला. शाल, श्रीफळ, लांबलेली भाषणं. वीरपत्नींना पहिल्या रांगेत बसवलं होतं खरं, पण बोलायला कुणी बोलावलं नाही. मला ते खटकलं. एकाहत्तरच्या लढाईत, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला असलेले एक आजोबा उठले, तेव्हा मात्र मांडव शांत झाला. शरण या म्हणून ब्रिगेडियर क्लेर यांनी पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानी अधिकाऱ्यानं उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली, ती गोष्ट सगळ्यांना ऐकायची होती. आजोबा म्हणाले, "ते साहेबलोकांचं. आम्हाला ब्रह्मपुत्रेचं पाणी आठवतंय. लई गार होतं." आणि खाली बसले.

देवळाच्या मागे वडाखाली तीन वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे दगड, उभे आहेत. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, आणि सगळ्यांत वर चंद्र-सूर्य. चंद्र-सूर्य असेतो या माणसाची कीर्ती राहो, असा त्याचा अर्थ. कीर्ती राहिलीय, पण देव म्हणून. शेंदराचे इतके थर चढलेत की माणसाचं नाक-डोळं शोधावं लागतं. गावाला विचारलं तर "आमचा राखणदार" एवढंच उत्तर.

तिथं रेंगाळत होतो तेवढ्यात पलीकडच्या ओसरीवरून एका आजींनी हाक मारली, "आत या की, उन्हात काय उभारलाय?" तिळगूळ हातावर पडला. चहा होईपर्यंत माझं लक्ष देव्हाऱ्याकडे गेलं. टाकांच्या मागे टेकवून ठेवलेली पितळेसारखी गोल तबकडी, साधारण अर्ध्या वितीची. तिच्यावर उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. वर हळदीकुंकू.

"देवी आमची. सासूबाईंच्या सासूपासून हाय."

मी जवळ जाऊन पाहिलं. देवीच्या डोक्यावर शिरस्त्राण होतं, आणि कडेनं इंग्रजी अक्षरं फिरली होती. ती ब्रिटानिया होती, ब्रिटन देशाचं स्त्रीरूप. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारनं अशा कांस्याच्या तबकड्या पाठवल्या, साडेतेरा लाखांच्या आसपास. कडेचा मजकूर असा की हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते तबकडीवर नसतं. एका चौकटीत मेलेल्याचं नाव असतं, हुद्दा मुद्दामच नाही; जनरल आणि शिपाई एका रांगेत.

हे मला विशेष वाटलं, कारण दगडावर तसं झालं नव्हतं. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि साध्या शिपायांचा फक्त आकडा टाकला. तिकडेच कूत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि कैदेत किती जण मेले याला सुमार नाही. अशांपैकी कुणाचं नाव वाचता येईल अशी जागा म्हणजे घरी आलेली ही तबकडी.

इथं तेही नीट वाचता येईना. दर दसऱ्याला चिंच लावून घासून घासून अक्षरं झिजली होती. पहिली चार अक्षरं बोटाला लागली, पुढचं सपाट. मित्राच्या भाच्यानं मोबाइलचा उजेड तिरका धरला, तेव्हा शेवटची दोनतीन दिसली. आजींना सांगितलं, तर त्या जराही गडबडल्या नाहीत. "म्हणजे आमचा आजा देवीच्या पायाशी हाय. बरंच हाय की."

बातमी मांडवात पोचली आणि मंडळी ओसरीवर जमली. गावच्या शहीद फलकाची सुरुवात बासष्टपासून होते, त्याच्या वर हे नाव घालायचं ठरलं. मग खरी चर्चा पेटली. नाव मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही लिहायचं, हे पटकन मिटलं. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, तेवढीच कुरबुर. पण तबकडी ग्रामपंचायतीत काचेच्या पेटीत ठेवावी, असं एका तरुण मेजरनं सुचवलं. सियाचीनला राहून आलेला गडी, त्याचा मुद्दा बिनतोड होता: असंच घासत राहिलात तर उरलेलं नावही जाईल.

"देवी हलवायची नाही," आजी म्हणाल्या.

शेवटी तोडगा निघाला. तबकडी देव्हाऱ्यातच राहील, चिंच बंद, नुसतं कोरडं फडकं. भाच्यानं चारी बाजूंनी फोटो काढले. फलक २६ जानेवारीच्या आत रंगवायचा म्हणून पेंटरला तिथूनच फोन लागला, आणि तो म्हणाला, संक्रांतीच्या दिवशी कामाचं काय विचारता, उद्या बोला.